पिशवीनं आधी ओझं पेललं पाहिजे

मागच्या अंकात घरच्या उरल्यासुरल्या कापडाच्या चौकोनांची पिशवी कशी शिवायची ते मी लिहिलं होतं. माप असं होतं: साडेचार इंचाचे चौकोन, चारात चार असे एका बाजूला १६, दोन्ही बाजूंचे मिळून ३२. पाव इंच माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं कापड, धरून जोडले की साडेसोळा इंचाची एक बाजू तयार होते. आत मांजरपाटाचं अस्तर, वर हातात धरायला दोन बंद. त्यावर भरपूर पत्रं आली. रंग कसे जुळवायचे हे विचारणारी थोडी, उपटलेल्या बंदांची आणि उसवलेल्या तळाची जास्त. याचा मला मनापासून आनंद झाला. पिशव्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या नाहीत, मंडईत जाताहेत.

मी इचलकरंजीत शिवणवर्ग घेते. हे मागांचं गाव, कटपीस इथं किलोवर मिळतात, त्यामुळं तुकड्यांची चणचण कुणालाच नाही. चणचण असते ती शिवणीतल्या ताकदीची. पॅचवर्क कितीही देखणं असू दे, पाच किलो तांदूळ घेऊन त्या पिशवीसकट जिना चढता येत नसेल तर ती अजून पुरी झालेली नाही, असं मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. खालच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा सापडेल.

ताई, मी निवृत्त आहे. पत्नीचं जुनं पायमशीन आता मी वापरतो. चौकोन पट्टीनं मोजून कापले होते, तरी चार तुकडे जिथं भेटतात तिथली फुली जुळत नाही आणि एक ओळ दुसरीपेक्षा जवळजवळ अर्धा इंच मोठी भरते. कुठं चुकतंय? — एक वाचक, नाशिक

काका, कापणं बरोबर आहे, गडबड शिवताना सुटणाऱ्या मायेत आहे. हिशेब करून बघा. सुतारकामात इंचाचे आठ सूत धरतात. एका टिपेला माया अर्धा सूत कमी पडली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत वाढतं. चार तुकड्यांच्या ओळीत टिपा तीन. म्हणजे तीन सूत, तुमच्या अर्ध्या इंचाच्या अगदी जवळ. डोळ्यांना अर्धा सूत दिसत नाही, म्हणून नजरेवर शिवू नका.

मशीनला खूण करून घ्या. पायाखाली इंचपट्टी ठेवा, चाक हातानं फिरवून सुई पट्टीच्या उजव्या कडेपासून बरोबर पाव इंचाच्या रेघेवर टेकवा आणि पट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा. जखमेवर लावतात ती कागदी पट्टी यासाठी चांगली, तिचा चिकटा मशीनवर फारसा राहत नाही. एकावर एक चार-पाच थर दिले की छोटी भिंत तयार होते आणि कापडाची कड तिला घासत सरळ पुढं जाते. मग परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. जास्त भरली तर माया कमी पडतेय, कमी भरली तर जास्त जातेय. चिकटपट्टी केसभर सरकवा, पुन्हा तपासा. हे केल्याशिवाय खरे तुकडे हातात घेऊ नका.

आता फुली. पहिल्या ओळीतली सगळी माया इस्त्रीनं उजवीकडं वळवा, दुसऱ्या ओळीतली डावीकडं, तिसरी पुन्हा उजवीकडं. दोन ओळी सुलट बाजू आत घेऊन एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही मायांचे उंचवटे एकमेकांना येऊन टेकतात. चिमटीत धरून हळूच सरकवून बघा, एका जागी ते अडकतात आणि बोटाला कळतं की आता पुढं जायला जागा नाही. तिथं टाचणी लावा. माया एकाच बाजूला वळवली असेल तर चार पदरांचा गठ्ठा होतो, मशीनचा पाय त्यावरून घसरतो आणि फुली हलते.

इस्त्री दाबायची, ओढायची नाही. आणि मलमल किंवा जुन्या ओढणीसारखं लुळं कापड वापरत असाल तर कापण्याआधी त्याला पातळ खळ देऊन वाळवून घ्या. पॉपलिनशेजारी बिनखळीची मलमल शिवली की ती ताणली जाते, मग माया कितीही अचूक असली तरी ओळ वाकडीच येते.

मॅडम, दुसऱ्याच आठवड्यात बंद उपटला. बंद शाबूत आहे, पण खालचं कापड त्याच्याबरोबर फाटून आलं. आत कांदे-बटाटे होते, फार तर चार किलो. — एक गृहिणी, डोंबिवली

तुमचा बंद मजबूत होता म्हणूनच कापड फाटलं. चार किलोचं सगळं ओझं एकेक इंच रुंदीच्या चार जागांवर लटकत होतं आणि त्या जागी फक्त पॅचवर्कचा एक पदर होता. त्यातून एखादा बंद नेमका दोन तुकड्यांच्या जोडावर आला असेल, तर तिथं कापड आधीच सुईनं भोसकलेलं असतं.

आता दुरुस्ती अशी करा. बंद येतो त्या जागी अस्तराच्या आतून तीन इंचाचं चौकोनी ठिगळ लावा, जीन्सचं किंवा दुहेरी मांजरपाटाचं. ठिगळाच्या कडा आत दुमडून चारी बाजूंनी टीप मारा. मग बंद वरच्या कडेपासून दोन इंच खाली उतरवा आणि त्यावर चौकोन शिवून आत फुली मारा. ही टीप बाहेरचं कापड, अस्तर आणि ठिगळ अशा सगळ्या पदरांतून गेली पाहिजे. टाका इंचाला दहा ते बारा. जास्त घट्ट व्हावं म्हणून काही जणी टाका अगदी बारीक करतात. त्यानं उलट होतं, पोस्टाच्या तिकिटाच्या भोकांसारखी रेघ पडते आणि कापड तिथंच फाटतं.

नवी पिशवी शिवाल तेव्हा बंद वर टाकूच नका, तळाखालून घ्या. चार इंच रुंदीची पट्टी घडी घालून एक इंचाची, चार पदरी करायची आणि दोन्ही कडांना टीप मारायची. एका बाजूच्या तळापासून वर, तिथून हातात धरायचा कमानीचा भाग, पुन्हा खाली तळापर्यंत, तळाखालून दुसऱ्या बाजूला, तिथंही तसंच आणि शेवटी सुरुवातीला येऊन मिळायचं. पिशवीच्या अंगावर ती पट्टी वरच्या कडेच्या दीड इंच खालपर्यंत शिवून टाकायची. अशा पिशवीत ओझं पट्टीवर बसतं. कापडानं फक्त सामान आवरून धरायचं असतं.

आणखी एक गोष्ट. अस्तर बाहेरच्या पिशवीइतकंच मोठं ठेवू नका. बाजूच्या आणि तळाच्या टिपेला पाव इंच जास्त दाबा. अस्तर किंचित लहान झालं की सामानाचा भार त्यावर येतो आणि बाहेरच्या जोडांवरचा ताण हलका होतो. मांजरपाट मात्र शिवण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं, आणि आटलेलं अस्तर बाहेरच्या पॅचवर्कला सुरकुत्या पाडतं.

पिशवीचा तळ सपाट कसा करायचा? माझी भरली की गोल होते. — एक वाचक, जळगाव

बाजूच्या आणि तळाच्या टिपा झाल्या की पिशवी उलटीच ठेवा. एका कोपऱ्यात बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर आणून ठेवा, त्रिकोण होतो. टोकापासून शिवणीवर दीड इंच मोजा आणि तिथं आडवी रेघ मारा, ती तीन इंच लांब भरेल. त्या रेघेवर दोनदा टीप. दुसऱ्या कोपऱ्याला तेच, अस्तरालाही तेच. आपल्या मापाच्या पिशवीला बाहेरची माया अर्धा इंच धरली तर तळ साडेबारा बाय तीन इंचाचा होतो आणि उंची १४ इंच राहते. त्रिकोण कापून टाकायची घाई नको, आत दुमडून तळाला टाचले तर तळाला दुसरा पदर मिळतो.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या चार सुती साड्या आहेत. मला त्यांची पिशवी शिवायची आहे, म्हणजे ती रोज हातात राहील. पण ताई म्हणते साड्यांना कात्री लावायची नाही. आम्हा दोघींनाही वाईट वाटू नये असा काही मार्ग आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

आहे, आणि त्यात साडी मोडत नाही.

साधारण साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच धरा. दोन्हीकडचे काठ सोडले तर मधे ३६ इंच उरतात, म्हणजे साडेचार इंचाचे बरोबर आठ चौकोन. तुम्हाला हवेत ३२. चारही साड्यांच्या आतल्या टोकाचा, म्हणजे नेसताना पहिल्यांदा कमरेला खोचलं जातं त्या टोकाचा, पाच-पाच इंचांचा पट्टा कापा. प्रत्येक पट्ट्यातून आठ तुकडे निघतील, चौघींचे मिळून ३२. साडेपाच मीटरच्या साडीतून पाच इंच गेले तर नेसताना कळणारही नाही. कापलेल्या कडेला पिको करून घ्या आणि साड्या ताईंकडं सुपूर्द करा. त्या नेसतील, तुम्ही पिशवी घ्याल.

आतलं टोक घ्यायचं आणखी एक कारण आहे. साडी सगळीकडं सारखी झिजत नाही. टाचेला लागणारी खालची कड, खांद्यावर पिन टोचायची जागा, निऱ्या खोचायची जागा आणि बसताना घासणारा भाग आधी जातो. आतलं टोक पुष्कळदा नव्यासारखं असतं. तरी तपासून घ्या. कापड खिडकीसमोर धरा, उजेडात धागे विरळ दिसले तर ती जागा सोडा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून हलकेच ताणा. धागे सरकून फट पडली तर त्या तुकड्याला मागून पातळ सुती कापड लावल्याशिवाय वापरू नका.

आईच्या एखाद्या ब्लाउजची बाही असेल तर तिचा आतला खिसा करा. बाहीची हातशिलाई उसवू नका, खिशाची वरची कड म्हणून तशीच येऊ द्या. तिचे टाके तसेच राहतील.

खणाच्या कापडाचे तुकडे जोडले, पण कडेचे धागे सुटून टीपच निसटली. — एक वाचक, बेळगाव

खण तुमच्या जवळचाच. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड त्याचं गाव, आणि आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या चोळ्या त्याच्याच. चोळीत त्याला अस्तर मिळतं आणि माया भरपूर सोडलेली असते, म्हणून तिथं तो टिकतो. पाव इंच मायेच्या तुकड्यांत त्याचे धागे सुटतातच. कापण्याआधी खणाला मागून चिकटणारं पेस्टिंग लावा किंवा कापल्याबरोबर प्रत्येक चौकोनाला पिको करून घ्या, आणि माया अर्धा इंच ठेवा. मग चौकोन साडेचारऐवजी पाच इंचाचा कापावा लागेल, हे विसरू नका. पेस्टिंग लावताना इस्त्री एका जागी दहा-बारा सेकंद दाबून धरायची, उचलायची, पुढं ठेवायची. आजचे बरेच खण कृत्रिम धाग्याचे असतात, त्यामुळं आधी एका कोपऱ्यावर उलट्या बाजूनं इस्त्री टेकवून बघा.

आणि खण तळाला लावू नका. तो वरच्या दोन ओळींत शोभतो आणि तिथं घासलाही जात नाही. तळाला गडद, जाड सुती कापड किंवा जीन्स.

मावशी, मी पुण्यात वसतिगृहात राहते. मशीन नाही. हातानं शिवलेली पिशवी टिकेल का? आणि टिकणार असेल तर चौकोनांशिवाय दुसरं काही करता येईल का? — एक विद्यार्थिनी

टिकेल की! आपल्या आज्यांनी गोधड्या हातानंच शिवल्या आणि त्या धुवून, आपटून, उन्हात टाकून वर्षानुवर्षं वापरल्या. गोधडीची ताकद कुठून येते ते बघ. थर तीन-चार असतात आणि ओळीनं ओळ धावदोरा सगळ्या थरांतून जातो. एखादा टाका तुटला तरी शेजारचे शंभर धरून ठेवतात.

तुला मी एक वेगळी पद्धत सुचवते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज, घरात कोकणी बोलतात. तिथल्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंद म्हणतात. त्यात आधी चौकोन जोडून मग गोधडी भरायची असं नसतं. खाली अस्तराचं कापड पसरायचं, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, हातात येईल तो तुकडा कडा आत दुमडून ठेवायचा आणि धावदोऱ्यानं शिवत जायचं. पुढचा तुकडा आधीच्याच्या कडेवर थोडा चढवायचा. असं कडेकडेनं पूर्ण फेरी मारून हळूहळू मध्यभागी यायचं. जोडणं आणि भरणं एकाच वेळी होतं. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात.

वसतिगृहातल्या पलंगावर बसून करायला हे काम फार सोयीचं. मोजमाप नाही, इस्त्री नाही, तुकडे वेडेवाकडे असले तरी चालतात. खाली १७ बाय ३४ इंचाचं मांजरपाट घे, त्यावर जुन्या चादरीचा एक थर, आणि त्यावर कवंदासारखे तुकडे. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभरापेक्षा कमी अंतर ठेव, टाके इंचाला पाच-सहा. दोरा दुहेरी घे, मेणबत्तीवरून ओढून घे म्हणजे गुंतणार नाही, आणि एका वेळी हातभरापेक्षा लांब घेऊ नकोस. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन मधेच विरतो.

पूर्ण झालं की मधोमध दुमड. बाजू मात्र धावदोऱ्यानं शिवू नकोस, तिथं हातटीप घाल: टाका एक पाऊल पुढं काढायचा आणि सुई मागच्या टाक्याच्या शेवटी परत घालायची. दोन्ही बाजूंना हातटिपेच्या दोन ओळी. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, घेतल्याशिवाय या कामाला बसू नकोस. इतके पदर भेदताना बोटाला भोक पडतं आणि मग मुली काम अर्धं टाकतात.

झाली की फोटो पाठव. मला खरंच बघायची आहे.

जुन्या जीन्सचा तळ लावताना मशीन अडतं, सुई मोडते, आणि खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. — एक वाचक, नांदेड

तीन वेगळी दुखणी आहेत. सुई मोडते कारण ती साध्या कापडाची असणार. जीन्सला १६ नंबरची घ्या, फार जाड असेल तर १८. मशीन अडतं ते जिथं जीन्सची मूळ जाड शिवण आडवी येते तिथं. ती जागा शिवण्याआधी लाटण्यानं किंवा लाकडी बत्त्यानं ठोकून चपटी करा आणि त्या दोन इंचांत पायानं मशीन चालवू नका, चाक हातानं फिरवा. खालच्या जाळ्याचं कारण बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतं, बॉबिनमध्ये नसतं. मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा. पाय खाली असताना ओवला तर तो ताण देणाऱ्या चकत्यांच्या मधे नीट बसत नाही आणि खाली सैल पडून गुंततो.

दोरा स्पन पॉलिस्टरचाच वापरा. डब्यातलं जुनं सुती रीळ घेणार असाल तर हातभर दोरा तोडून ओढून बघा. सहज तुटला तर पिशवीला लावू नका.

बाबांची जुनी शबनम पिशवी आहे, तशीच पॅचवर्कमध्ये शिवायची आहे. पट्टा कुठून जोडायचा तेच कळत नाही. — एक वाचक, सातारा

ती नीट उलटून बघा, पट्टा जोडलेला सापडायचा नाही. अस्सल शबनममध्ये खांद्यावरचा पट्टा, दोन्ही बाजू आणि तळ ही एकच सलग पट्टी असते, आणि पुढचा-मागचा तुकडा तिला कडेनं शिवलेला असतो. म्हणून ती पुस्तकं भरून वर्षानुवर्षं खांद्यावर राहते. जिथं बंद उपटावा असा जोडच तिच्यात नाही.

पुढचं आणि मागचं पॅचवर्क १५ बाय १६ इंचाचं करा, अर्धा इंच माया जाऊन १४ बाय १५ राहील. पट्टीचा हिशेब: तळ १४, दोन बाजू १५ आणि १५, खांद्यावरून ४०, जोडाला १. एकूण ८५ इंच लांब, चार इंच रुंद. तिचा जोड तळाच्या मधोमध आणा आणि त्यावर दुसरा पदर लावा. उंच माणसासाठी खांद्याचे ४० चे ४४ करा. पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यावरच, म्हणजे काठाच्या दिशेनं लांब, कापा. आडव्यावर कापली तर ओझ्यानं हळूहळू लांबते, उरेब, म्हणजे तिरकी, कापली तर पिशवी महिन्याभरात गुडघ्याला येईल. साडीचा काठ रुंद असेल तर त्याच्यासारखी पट्टी नाही. तो सलग मिळतो, उभ्या धाग्यावर असतो आणि अंगच्या कापडापेक्षा घट्ट विणलेला असतो.

बाबांची पिशवी मात्र उसवू नका. मापं बाहेरून घ्या.

बकरम घातलेली पिशवी धुतल्यावर चुरगळली. फेकून द्यावी का? आणि लाल तुकड्याचा रंग पांढऱ्यावर उतरलाय. — एक वाचक, ठाणे

फेकू नका. तळाची अस्तराची शिवण उसवून कागदी बकरम काढून टाका, त्या जागी जुन्या चादरीचे दोन पदर घाला. ताठ दिसण्यासाठी बकरम हवं अशी समजूत आहे, पण बाजाराच्या पिशवीला ताठपणा लागत नाही. ती चुरगळून पर्समध्ये मावली पाहिजे.

उतरलेल्या रंगावर आता फारसं करता येणार नाही. वाळू न देता लगेच पुन्हा धुतलं असतं तर थोडा गेला असता. पुढच्या वेळी प्रत्येक गडद कापड आधी वेगळं भिजवा आणि ओलं असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. मीठ टाकलं की रंग पक्का होतो हे ऐकून पुष्कळ जणी निर्धास्त होतात. तयार कापडाचा सुटणारा रंग मिठानं बांधला जात नाही. रंग सुटतच राहिला तर तो तुकडा गडद तुकड्यांच्याच पिशवीत वापरा.

आमच्या बचत गटानं या पिशव्या विकायला घ्यायच्या ठरवल्या आहेत. किंमत किती ठेवावी? काही जणी म्हणतात कापड फुकटचं आहे, स्वस्त विकू. — गटाच्या अध्यक्षा, परभणी जिल्हा

कापड फुकटचं नाही, ताई. चिंध्या निवडणं, धुणं, इस्त्री करणं, चौकोन कापणं यात शिवण्याइतकाच वेळ जातो आणि तो कुणी लिहून ठेवत नाही. पहिल्या काही पिशव्या शिवताना घड्याळ लावा आणि प्रत्येक टप्प्याचे तास वहीत मांडा. तुमच्या गावात बाईला दिवसाची जी मजुरी मिळते तिला आठानं भागा, लागलेल्या तासांनी गुणा. त्यात अस्तर, दोरा, चेन, वीज आणि बाजारापर्यंतचं भाडं मिळवा. ही झाली लागत. याच्या खाली एक रुपयाही उतरू नका. यावर जो नफा ठेवाल तोच गटाचा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात येणारं गिऱ्हाईक हातकामाचे पैसे देतं, पण ते आतली शिवण उलटून बघतं हेही लक्षात ठेवा.

वेळ वाचवायचा तर तो शिवण्याच्या रीतीत वाचवा, थरांत नको. तुकड्यांच्या जोड्या आधी लावून ठेवा आणि एक जोडी शिवून झाली की दोरा न तोडता लगेच दुसरी पायाखाली सरकवा. सगळ्या जोड्या एका माळेत बाहेर येतील, मग एकदम कापा. माप एकच ठेवा, रंग वेगवेगळे. कापणारी एक, जोडणारी दुसरी, बंद लावणारी तिसरी असं वाटून घ्या, आणि बंद नेहमी सगळ्यांत पक्का हात असलेल्या बाईकडं द्या.

प्रत्येक नव्या घाण्यातली एक पिशवी आठ किलो धान्य भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंदाच्या मुळाशी बघा. टाक्यांची भोकं लांबट झाली असतील तर त्या घाण्यातल्या सगळ्या पिशव्यांना आतून ठिगळ लावा आणि मगच बाजारात न्या. धुण्याच्या सूचनेची एक चिठ्ठीही आत ठेवा: उलटी करून धुवावी, पिळू नये, तळ वर करून सावलीत वाळवावी.